जोडप्याला खोली न देणारी घरमालकीण

सुरतेत ज्या पोराला बाप नाही त्याचा बाप आणि ज्याला आई नाही त्याची आई ही एकच बाई होती आणि तीच माझी घरमालकीण होती, असं मी म्हटलं तर लोक हसतात. हसू देत. लिंबायतच्या त्या गल्लीत राहिलेला कुणी हसणार नाही. उलट, आणखी चार गोष्टी माझ्या पदरात टाकेल. आख्ख्या शहरात घरमालक 'फक्त फॅमिलीला' खोली देतात, म्हणजे नवरा, बायको आणि फार तर दोन मुलं. आमच्या घरमालकिणीचा नियम बरोबर उलटा होता. ती जोडप्याला खोली देत नसे. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर एका ओळीत खोल्या होत्या आणि त्या एकट्या आईला किंवा एकट्या बापालाच मिळत. एकदा नुकतं लग्न झालेलं एक गोड जोडपं दारात उभं राहिलं, ॲडव्हान्स हातात घेऊन. जिजीनं (आम्ही सगळे तिला जिजी म्हणायचो) त्यांना पाणी दिलं, लाडू दिले, मुलीच्या हातातल्या हिरव्या चुड्याचं कौतुक केलं आणि म्हणाली, "तुम्ही दोन्हीजन शेतस ना? मंग तुम्हाले कोनी बी खोली देई." ते बिचारे लाडू खात खात पायऱ्या उतरले.

मी धुळ्याहून सुरतेला आले तेव्हा माझी मुलगी पूर्वा अजून शाळेत जायच्या वयाची नव्हती. नवऱ्यानं सोडलं होतं आणि मी कपडा मार्केटमध्ये एका दुकानात बिलं करायची नोकरी धरली होती. नोकरी मिळाली, खोली मिळेना. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, "तमारा मिस्टर शुं करे छे?" खरं सांगितलं की दार मिटायचं. म्हणून मी एक खोटं तयार केलं आणि वापरून वापरून ते अगदी गुळगुळीत झालं: मिस्टर दुबईला असतात, दिवाळीला येतील. जिजीच्या दारातही मी तेच म्हटलं. ती ओसरीवर बसून साडीवर खडे चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "दुबईले शे? मंग खोली भेटाव नही." मला वाटलं, दुबई कमी पडली. मी घाईनं म्हटलं, "पगार चांगला आहे हो त्यांना." "मंग तं अजिबात भेटाव नही," ती म्हणाली. तेव्हा मात्र माझा बांध फुटला. उन्हात दिवसभर फिरून पाय गेले होते, पूर्वा कडेवर झोपली होती. मी तिथेच पायरीवर बसले आणि सांगितलं, की दुबईला कुणी नाही, कुठेच कुणी नाही. जिजीनं गोंदाची वाटी बाजूला सारली. "मंग पह्यले का सांगं नही व?" ती अगदी रागावून म्हणाली. "बस. च्या ठेवस." खोटं बोलून खोली न मिळालेली आणि खरं बोलून मिळालेली त्या शहरात बहुधा मी एकटीच असेन.

तिचं स्वतःचं म्हणाल, तर नवरा लूमवर काम करणारा, पारोळ्याकडचा. एकुलता मुलगा रांगता असताना तो 'भिवंडीला जाऊन येतो' म्हणून गेला तो आलाच नाही. गल्लीनं आपल्या सोयीनं त्याला मेला असं धरलं आणि बायका सांत्वनाला यायला लागल्या. जिजीनं त्यांना दारातच थांबवलं. "मरेल नही, भिवंडीले शे!" हे वाक्य ती पुढे आयुष्यभर इतक्या ठसक्यात म्हणत राहिली, की नव्या माणसाला भिवंडी हा एखादा असाध्य रोग वाटावा. साड्यांच्या घड्या घालून, खडे लावून, भिशी लावून तिनं मुलगा वाढवला, घर बांधलं, मग वर एकेक खोली चढवली. तिची भाषाही तिच्या घरासारखीच, जसं जमेल तसं वाढवत नेलेली. प्रेम अहिराणीत, व्यवहार गुजरातीत आणि भांडण हिंदीत. ती हिंदीत बोलायला लागली की आम्ही भाडेकरू कामं टाकून गॅलरीत यायचो.

तिचं म्हणणं असं, की एकट्या माणसाला दोघांचं काम आलं पाहिजे. त्यामुळे तिच्याकडे राहणं म्हणजे एखाद्या वसतिगृहात भरती होण्यासारखं होतं. बायकांनी फ्यूज बदलायला, गॅसची नळी बसवायला, स्कूटर चालवायला शिकायचं आणि पुरुषांनी वेण्या घालायला. माझ्या शेजारच्या खोलीत शहाद्याचा एक विधुर होता, लूमवर पाळी करायचा. त्याच्या दोन मुली शाळेत जायच्या तेव्हा त्यांचे केस बघवत नसत. जिजीनं त्याला गच्चीवर बसवलं, समोर खाटेच्या पायाला सुतळ्या बांधल्या आणि त्याच्याकडून वेण्या घालून घेतल्या. तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा तो माणूस तीन पेडांपुढे घामाघूम झाला होता. पण काही दिवसांनी त्याच्या मुली अशा घट्ट वेण्या घालून शाळेत निघाल्या की त्यांच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या आणि दिवसभर त्या आश्चर्यचकित दिसत होत्या. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, तर कहरच. ज्या घरात बाप नाही त्या घरचं पोर दुसऱ्याच्या गच्चीवर फिरकी धरून उभं राहतं, हे जिजीला सहन होत नसे. म्हणून तिनं सगळ्या आयांना पतंग शिकवायचं ठरवलं. तिला स्वतःला पतंग मुळीच येत नव्हता, ही तिच्या दृष्टीनं किरकोळ बाब होती. तिचा पतंग उडायच्या आधीच कापला जायचा, पण "काप्यो छे!" ही आरोळी तीच सगळ्यात मोठ्यांदा ठोकायची, स्वतःच्याच पतंगाबद्दल.

आता तिची ती चळवळ. चळवळ हा शब्द तिनं कधी वापरला नाही, ती 'आपलं काम' म्हणायची. एकट्या आईबापांना सरकारनं, शाळांनी, समाजानं पुरं घर म्हणून मानावं, अर्धं म्हणून नाही, एवढंच तिचं मागणं. हे मागणं घेऊन सरकारी ऑफिसात जायचं ठरलं तेव्हा तिनं कापडी फलक करून घेतला. 'एक पालक, पूर्ण कुटुंब' असं लिहायचं होतं. पेंटर जन्मभर साड्यांच्या सेलचे फलक रंगवत आलेला. त्यानं आमचं वाक्य नीट लिहिलं, भोवती वेलबुट्टी काढली आणि खाली सवयीनं 'एक वार जरूर पधारो' असंही लिहून टाकलं. आम्ही तो धरून रस्त्यानं निघालो तर तीन-चार बायका मागे लागल्या, माल कुठला आहे विचारत. मी लाजून मेले. जिजीनं मात्र त्यांना बरोबर घेतलं. त्यातली एक आमच्यातलीच निघाली. ती पुढे आमच्याच माळ्यावर राहायला आली.

पण सगळं असं हसण्यावारी गेलं नाही. पूर्वाला शाळेत घालायची वेळ आली. जवळच्या, बऱ्यापैकी शाळेचा नियम होता की आई आणि वडील दोघांनीही मुलाखतीला यायचं. मी घाबरत होते, तर जिजी ठेवणीतली साडी नेसून माझ्याआधी रिक्षात बसली. प्रिन्सिपॉलबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "फादर?"

"मैं," जिजी म्हणाली.

"आप इनकी मदर हैं?"

"नहीं. फादर पूछा ना आपने? फादर का जो काम रहता है, वो मैं करती. आप बोलो, क्या काम है?"

बाई गडबडल्या. "साइन करना पडता है," त्या म्हणाल्या.

"बस, साइन?" जिजी माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाली, "एवढ्या सहीकरता मी भिवंडीवालाना इतका वरीस जीवले घोर लायी घिदा!"

मुलाखत तिथेच संपली आणि प्रवेश मिळाला नाही. परतताना रिक्षात मी रडत होते आणि ती बाहेर बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेच्या फाटकासमोरच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली, साडी आणि गोंदाची वाटी घेऊन. शाळा सुटताना येणाऱ्या आयांशी बोलायची. त्यांच्यात किती जणी एकट्या होत्या आणि किती जणींनी माझ्यासारखीच एकेक दुबई तयार ठेवली होती, हे तिला तिथे कळलं. हळूहळू त्या ओट्यावर जागा पुरेनाशी झाली. शाळेच्या लोकांना ते दिसत होतं. एका दुपारी मला फोन आला. प्रिन्सिपॉलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं काम करून टाकू. पण बाहेर बोलू नका आणि त्या बाईंना तिथून उठवा."

मी आनंदानं धावत घरी आले. जिजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको घेऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, चोरून मिळालेली जागा कशाला? ओट्यावरच्या बाकीच्या जणींचं काय? माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा अगंतुगं केलं. "तुझं काम तुझ्यापाशी ठेव, जिजी! माझी एकच पोर आहे. तिच्या वर्षावर तू तुझा मोर्चा काढू नकोस!" माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार. मला वाटलं आता हिंदी सुरू होईल. पण ती गोंदाच्या वाटीत बोट तसंच ठेवून बसून राहिली.

सकाळी ती जिना चढून वर आली. गुडघे दुखायचे तिचे, वर येणं ती टाळायची. पूर्वाचे केस विंचरत म्हणाली, "तुन्हं बरोबर शे. पोरनं साल वाया जावाले नको. तू घे ती जागा. भांडानं काम मनं."

आयुष्यात मला पुष्कळांनी सल्ले दिले. दिलेला सल्ला असा दोन्ही हातांनी परत घेणारं माणूस मी एकच पाहिलं. मी जागा घेतली. आणि पहिल्या दिवशी पूर्वाला वर्गात सोडून बाहेर आले ती थेट ओट्यावर जिजीशेजारी जाऊन बसले. शाळेनं सांगितलं होतं की तिला उठवा, मी उलट स्वतःच तिथे बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, नुसती साडीची दुसरी बाजू माझ्या मांडीवर सरकवली. मार्केटमधून सुट्टी काढून, लूमवरची पाळी बुडवून मग आम्ही सगळेच येत राहिलो. शहाद्याचा तो माणूसही यायचा, आयांच्या घोळक्यात एकटा, मान खाली घालून. शाळेनं काही दिवस दुर्लक्ष केलं, काही दिवस दम दिला, आणि शेवटी फाटकावर नवी सूचना लागली की मुलाखतीला आई, वडील किंवा पालक यांपैकी कुणीही एक चालेल. कुणी भाषण केलं नाही, फोटो काढला नाही. जिजी सूचनेकडे बघून म्हणाली, "अक्षर बरं शे," आणि आम्हाला सगळ्यांना तिनं रस्त्यावरच्या गाडीवर लोचो, म्हणजे तो सुरती मऊ ढोकळा, खाऊ घातला.

त्यानंतर तिला आणखीच जोर चढला. गणपतीत गल्लीच्या मंडळाची आरती रोज एका जोडप्याच्या हातून होई. जिजी अध्यक्षांना म्हणाली, यंदा एक दिवस आमचा. अध्यक्ष भला माणूस, पण रीतीला घाबरणारा. म्हणाला, "जिजी, देवाचं काम जोडीनं करायचं असतं." जिजी म्हणाली, "भाऊ, या गणपतीले घडवं कोनी? पार्वतीनी एकलीनी, आंगना मळथीन. बाप तं मांगून उना आन् पोरनं मुंडकं उडाई बसना. आते बोल!" मंडपात इतकं हसू फुटलं की अध्यक्षांना बोलायला जागाच उरली नाही. आरतीच्या दिवशी जिजीनं स्वतः ताट धरलं नाही. ते तिनं शहाद्याच्या त्या माणसाच्या हातात दिलं. बायको गेल्यापासून तो कुठल्याच मंडपात पुढे झाला नव्हता. त्याच्या दोन्ही मुली दोन बाजूंनी ताटाला हात लावून उभ्या होत्या, घट्ट वेण्या घालून. आरती म्हणताना त्याचा आवाज मध्येच बसला, तेव्हा गल्लीनं ती पुढे उचलून धरली.

आता पूर्वा नर्सिंग शिकते. आम्ही दोघी दुसरीकडे, थोड्या मोठ्या घरात राहतो. खोली बघताना मला कुणी मिस्टरांबद्दल विचारलं तर मी सरळ उत्तर देते आणि समोरचाच चाचरतो. जिजीला तिच्या मुलानं कामरेजला नेलं आहे. त्याचा तिथे छोटा कारखाना आहे, टुमदार घर आहे, सून मायेची आहे. लिंबायतच्या खोल्या अजून जिजीच्याच नियमानं चालतात. मी महिन्यातून एकदा तरी कामरेजला जाते. ती अंगणातल्या झोपाळ्यावर, तिच्या भाषेत हिंचक्यावर, बसलेली असते. अलीकडे तिला नावं आठवत नाहीत. कधी मला शहाद्याच्या माणसाची मोठी मुलगी समजते, कधी ओट्यावरची आणखी कुणी. मी दुरुस्त करत नाही.

मागच्या खेपेला मनाचा हिय्या करून तिचे आभार मानायचे ठरवून गेले होते. इतक्या वर्षांत ते राहूनच गेलं होतं, कारण आभाराचा सूर लागला की ती उठून कामाला लागायची. या वेळी, गुडघे पुरते गेल्यामुळे, तिला उठता येणार नव्हतं. मी शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "जिजी, तू नसतीस तर..." तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून बघत राहिली, ओळख लागते का ते पाहत. मग विचारलं, "तुले राहवाले जागा शे ना, माय?"

"आहे, जिजी," मी म्हटलं.

"मंग बरं शे," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिनं डोळे मिटले. ऊन उतरलं, सूनबाई अंगणातला दिवा लावायला बाहेर आली. मी तिला हातानंच थांब म्हणून खुणावलं आणि जिजी जागी होऊ नये म्हणून हिंचका पायानं हळूहळू हलवत राहिले.