मशीनचं कुंकू

वडशाच्या आमच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि शेजारच्या खोलीत रसायनशास्त्राच्या मॅडम शिकवतात. मधली भिंत पातळ असल्यामुळे गेल्या काही वर्षांत माझं थोडं रसायन झालं आहे. मॅडमचं माहेर भामरागडच्या पलीकडे. त्या पीएच.डी. करत होत्या आणि मुदत डिसेंबरअखेर संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सगळी वर्षं पाण्यात.

विषय असा: आतून पोकळ्याच पोकळ्या असलेल्या घन पदार्थात रेणूंची यंत्रं बसवायची. मला तो त्यांनी मधल्या सुट्टीत, सायकली ठेवायच्या मांडवाकडे बोट दाखवून समजावला.

"सर, हा मांडव बघा. गाठींच्या जागी धातूचे अणू समजा, बांबूंच्या जागी कार्बनचे रेणू. मधे सगळी रिकामी जागा. असा मांडव चहूबाजूंनी वाढत गेला की त्याचा स्फटिक होतो. आता गाठी जागच्या जागी राहून यातला एकेक बांबू स्वतःभोवती गरगर फिरायला लागला तर?"

"मांडव पडेल," मी म्हणालो.

"नाई पडत. तेच तर करून राह्यली ना मी."

हीच यंत्रं द्रावणात सोडली तर बाजाराच्या दिवशीच्या गर्दीसारखी वाट्टेल तिकडे भरकटतात. मांडवात ती ओळीनं उभी राहतात आणि आजूबाजूला जागा असल्यामुळे फिरू शकतात. याचा पुढे उपयोग काय, असं मी मास्तरकीच्या सवयीनं विचारलं. "आधी फिरतात का ते तर पाहू," त्या म्हणाल्या. एवढं थोडं बोलणारा शास्त्रज्ञ मी तोवर वर्तमानपत्रात वाचलेला नव्हता.

ती फिरतात का, हे डोळ्यांना दिसत नाही. ते सांगणारं उपकरण हैदराबादला होतं आणि तिथं त्यांना ऑगस्टमधला एक सोमवार मिळाला होता. चिमूटभर पांढरी पूड त्यांनी पार कोरडी करून काचेच्या इवल्या बाटलीत बंद केली, झाकणाभोवती मेण लावलं. ओलावा लागला की हा मांडव ढासळतो, पोकळ्या बुजतात आणि फिरणारे बांबू अडकून बसतात. आणि ऑगस्टमध्ये आमच्याकडे पापडसुद्धा ताटात येईपर्यंत सादळतो.

महाविद्यालयात यंत्र तयार झाल्याचं प्राचार्यांना नेमकं त्याच आठवड्यात कळलं.

"मॅडम, आपल्या कॉलेजात मशीन बनली आन् मलेच माहीत नाई?"

"सर, ती दिसत नाही."

"दिसत नाई तं दाखवू ना आपण."

शनिवारी 'यंत्र लोकार्पण सोहळा' ठरला. बॅनर छापणाऱ्याला रेणूचं चित्र सापडलं नाही म्हणून त्यानं ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स छापला आणि खरं सांगायचं तर तो उठून दिसत होता. नाटकांचा हंगाम दूर होता, त्यामुळे एका नाटक मंडळीचा रंगमंच पडदे, राजदरबार आणि पेटीवाल्यासकट स्वस्तात मिळाला. सिंहासनावर लाल मखमल अंथरून तिच्यावर बाटली ठेवली. पाचव्या ओळीपासून मागे बसलेल्यांना सिंहासन रिकामं दिसत होतं, पण तशी सिंहासनं पाहायची लोकांना सवय आहे.

मॅडमची अट एकच होती: बाटली उघडायची नाही. "अजिबात नाई. माझा शब्द," असं प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी तो मनापासून दिला होता. मंचावरच्या खुर्च्या मान्यवरांनी भरल्यामुळे यंत्र बनवणाऱ्या बाईंना तिसऱ्या ओळीत, माझ्या शेजारी बसवलं गेलं. छातीवर 'संशोधक' असा बिल्ला होता.

उद्घाटक म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. ते राइसमिलवाले, म्हणून यंत्रांशी त्यांचा जुना घरोबा.

"किती एचपीची हाय जी?" त्यांनी माईक सुरू असतानाच प्राचार्यांना विचारलं.

"सूक्ष्म एचपीची, साहेब."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि या मशीनमुळे तालुक्यातल्या पोरांच्या हाताला काम मिळेल, असं भाषण केलं. टाळ्या पडल्या. मॅडम हळूच म्हणाल्या, "एका बाईचं काम जाऊ नये म्हणजे झालं." रात्रीची बल्लारशाची गाडी, तिथून हैदराबाद, अशी त्यांची तिकिटं पर्समध्ये होती.

मग पूजा. आमच्या भागात कुंकू लागल्याशिवाय आणि नारळ फुटल्याशिवाय कुठलीही मशीन सुरू होत नाही. धान सडायची हलर असो, बोअरची मोटर असो. आमच्या कार्यालयातल्या झेरॉक्सच्या काचेवरचा टिळा तर गेली कित्येक वर्षं प्रत्येक कागदावर उमटतो आहे. अध्यक्षांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं, बाटली उचलली आणि थांबले.

"हे तं डब्बी हाय. मशीन कुठी हाय?"

"आतमधी, साहेब. ते पांढरं."

"मंग कुकू आतमधी लावा लागन ना. ट्रॅक्टर आनला तं कुकू बोनेटले लावतेत, का शोरूमच्या बिलाले?"

तर्क म्हणून यात चूक नव्हती. प्राचार्य "साहेब, ते..." एवढं म्हणाले, पण संस्थेच्या अध्यक्षांसमोर त्यांची वाक्यं तिथंच संपतात. अध्यक्षांनी नखानं मेण काढलं, झाकण फिरवलं आणि बोट आत जाईना म्हणून पूड तळहातावर ओतून घेतली. मॅडम उठून मंचाच्या पायरीपर्यंत पोचल्या, तोवर पुडीला टिळा लागला होता आणि वर नारळाच्या पाण्याचा शिडकावाही झाला होता.

"झाली का सुरू?" अध्यक्षांनी विचारलं.

"झाली, साहेब," प्राचार्य म्हणाले.

पेटीवाल्यानं सूर धरला. मॅडमनी पुढे होऊन तळहातावरचा गुलाबी लगदा बाटलीत परत भरला, झाकण लावलं आणि अध्यक्षांना नमस्कार केला. फोटोत त्या हसताना दिसतात.

हैदराबादला त्या गेल्याच नाहीत. ओल्या कुंकवाचं मोजमाप करायला तेवढं महाग उपकरण लागत नाही. फोनवर पुढची तारीख मागितली तर थेट डिसेंबरच्या सुरुवातीची मिळाली. म्हणजे तोवर सगळी पूड पुन्हा बनवायची, आणि निकाल आल्यावर प्रबंध पुरा करायला जेमतेम तीन आठवडे. दिवाळीच्या सुट्टीत मी पेपर तपासायला गेलो की प्रयोगशाळेतली भट्टी आणि हवा खेचणारा पंप यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा. प्राचार्य एकदा डोकावले.

"दुसरी मशीन का, मॅडम?"

"नाही सर. पावडर आहे, प्रॅक्टिकलची."

"हं," म्हणून ते निघून गेले. पावडरीत त्यांना रस नव्हता.

डिसेंबरात मॅडम चार दिवस रजेवर गेल्या. रजेचं कारण मावसबहिणीचं लग्न. हैदराबाद असं लिहिलं असतं तर स्टेशनावर बॅनर लागला असता. परतीच्या गाडीला मी घ्यायला गेलो. त्यांनी डब्यातून उतरल्या उतरल्या फोन पुढे केला. पडद्यावर एक बुटका, पसरट डोंगर होता.

"काय आहे हे?"

"अडकून बसले असते तर दोन सुळके दिसले असते. फिरून राह्यले, सर. सगळे."

मला अभिनंदनाचं एक बरं वाक्य सुचलं होतं, पण त्यांचे डोळे भरून आलेले पाहून मी त्यांची बॅग उचलली. प्रबंध आता मुदतीत जाणार होता.

"प्राचार्यांना सांगणार?"

"सांगीन ना. प्रबंध जमा झाला की." मग त्या स्टेशनाबाहेरच्या मिठाईच्या दुकानाशी थांबल्या. "सर, लग्नात कोणते लाडू देतात आपल्याकडे? त्यांनी येताना आणायला सांगितलेत."

आम्ही बुंदीचे घेतले. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी दोन खाल्ले आणि नवरा मुलगा काय करतो, असं विचारलं.

"फिरतीची नोकरी आहे," मॅडम म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.