कागदावरचा कॉम्प्युटर

उझोदिन्मा ग्रंथालयशास्त्रात पहिला आला. सॉफ्टवेअरच्या पेपरात तर वर्गात कोणी त्याच्या जवळपाससुद्धा नव्हतं. आणि या पठ्ठ्याने ते सॉफ्टवेअर जन्मात कधी उघडलं नव्हतं!

नायजेरियातल्या एनुगू शहराजवळच्या त्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर होते, नाही असं नाही. पण वीज आपल्या मर्जीने यायची, आणि जनरेटरच्या डिझेलचं कोणी नाव काढायचं नाही. मग एझेउगो सर फळ्यावर स्क्रीन काढायचे, पोरं ती वहीत उतरवायची. प्रॅक्टिकलही कागदावरच. चौकटी आखा, भरा, पेपर द्या, घरी जा. उझो पट्टी लावून अशा काही चौकटी आखायचा की सर त्या वर्गभर फिरवायचे. झालं, स्वारी हवेत!

ओलान्मा नावाची मुलगी पदरचे पैसे घालून सायबर कॅफेत सराव करायची. उझो तिला हसायचा. "बटणं दाबायला कारकून असतात गं. आपण शास्त्र शिकतोय, शास्त्र!"

शास्त्रीबुवांची आई बसस्टँडवर ओक्पा, म्हणजे कडधान्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकायची. तिचे गुडघे गेले होते. पोराला नोकरी लागली की टोपली बंद, असं तिने गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

एनुगूतल्या एका कॉलेजात मुलाखत झाली. ग्रंथपाल अकुन्नेबाईंनी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पुढे एक पुस्तक ठेवलं. "याची नोंद करा. झालं की सांगा."

त्याने लेखक, विषय, क्रमांक सगळं बिनचूक भरलं. मग सवयीने आवरायला घेतलं आणि कोपऱ्यातली फुली दाबली. कॉम्प्युटरने विचारलं, खरंच बाहेर पडायचं? पडायचंच की, पेपर संपला होता. तो 'हो' दाबून ऐटीत उठला.

बाईंनी शोधलं. नोंद नाही.

"कुठाय?"

"दिली ना, मॅडम."

"कोणाला दिलीत?"

"तुम्हाला."

"मला? आणि सेव्ह कोण करणार, माझा सासरा?"

उझोने खिशातून पेन काढलं. "आमच्या फळ्यावर ते बटण नव्हतं. कागद द्या, आत्ता काढून दाखवतो."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

फाटकाशी पोचतो तोच आईचा फोन आला. "काय रे, कसं झालं?"

"सगळं लिहिलं, आई. एक चौकट सोडली नाही."

"मग उद्यापासून पीठ आणायला नको ना?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्याचं आण," तो म्हणाला.