पहिला घास आत्याचा

"झाकणाला हात लावशील तर हात तोडून चुलीत घालीन!"

मामा अंगणाच्या त्या टोकाहून ओरडले, तेव्हा माझा हात झाकणापासून चांगला वीतभर लांब होता. पण झाकण उघडावं असं दुसऱ्याच्या नुसतं मनात आलं तरी मामांना ते दिसतं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. देवळाली प्रवरेत हट्टी माणसांची टंचाई कधीच नव्हती; उसाला पाणी आधी कोणी द्यायचं यावरून इथे सख्खे भाऊ जन्मभर बोलत नाहीत. पण मामांइतका हट्टी माणूस प्रवरेच्या दोन्ही तीरांवर झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझी देवाकडे मागणी आहे. जन्मभर त्यांनी साखर कारखान्याला ऊस वाहिला. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर घेऊन ते वळणावर आले की समोरची एसटी आपणहून मागे सरकायची म्हणतात. म्हणतात म्हणजे मामाच म्हणतात. अशा माणसाने म्हातारपणी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चौकशा कराव्यात की नाही? मामांनी डुकराचं मटण शिजवायला घेतलं. दर रविवारी, दिवसभर, तांबड्या मिरचीच्या रश्श्यात, आणि असं की सगळी आळी रडते.

मुळात हे मटण आत्याचं. आत्याचं नाक म्हणजे सरकारी खातं असतं तर तालुक्यात भेसळ उरली नसती. ओट्यावर तांदूळ निवडता निवडता ती चार घरं पलीकडे हाक मारायची, "अगं, आमटीत मीठ न्हाई घातलंस!" आणि ती बाई जीभ चावून मिठाच्या डब्याकडे पळायची. आत्याचा रस्सा उकळायला लागला की आळीतली माळकरी मंडळी रीत म्हणून खिडक्या लावून घ्यायची, पण बोटभर फट ठेवायची. मामांना त्या काळात चहाचं आधण आणि आंघोळीचं पाणी यांतला फरक फक्त भांड्याच्या आकारावरून कळायचा.

मग सगळ्या जगाला आली ती साथ आमच्या आळीतही आली. आत्या वाचली, पण तिचा वास आणि चव गेली ती गेलीच. बाकीच्यांची आली परत. डॉक्टर आधी म्हणाले काही आठवडे, मग म्हणाले काही महिने, आणि पुढे तो विषय निघाला की पंखा बघायला लागले. आत्या पोत्यात धान्य भरावं तशी जेवायला लागली. पुरणपोळी आणि वर्तमानपत्र तिला सारखंच. एक दिवस तिने पळी ठेवून दिली. "मलाच काय कळत न्हाई, तर दुसऱ्याच्या तोंडात काय घालू?" म्हणाली. ती पळी मामांनी उचलली.

कारण मामांना एक शोध लागला होता. आत्याला चव लागत नव्हती, पण मिरची झोंबत होती. "तिखट पोचतंय ना? मंग रस्ता चालू हाय," मामा म्हणाले. "ट्रॅक्टर पुढं गेला की ट्रॉल्या मागून येनारच."

"मामा, मधली पिनच निसटली असंल तर?" मी विचारलं.

पुढच्या रविवारपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून मिरची चढत गेली. आधी ब्याडगी होती, मग शंकेश्वरी आली, आणि आता लवंगी. मिक्सर मामांना मान्य नाही. पाट्यावर लसूण-मिरची वाटून झाली की त्याच हाताने ते डोळे पुसतात आणि तासभर अंगणात आंधळ्यासारखे फिरतात. आमच्या कौलांवर कावळा बसत नाही. एकदा रस्त्याने जाणारा टेम्पोवाला इतका रडला की कोणीतरी त्याला पाणी देऊन विचारलं, घरचं कोण गेलं? गोवऱ्यांच्या विस्तवावर पातेलं चढवलं की त्याच्या झाकणाची कड मामा कणकेने लिंपतात, वर निखारे ठेवतात आणि जाहीर करतात, "आता देव जरी आला तरी उघडायचं न्हाई." मध्येच चाखून बघायचं नाही. पहिला घास आत्याचा. तिच्याआधी कुणाची जीभ लागली तर तिची चव वाटेतूनच परत फिरते, असं त्यांनी स्वतःच ठरवलंय आणि आता स्वतःच त्याला भितात.

संध्याकाळी कणीक फोडायची. आत्या घास घ्यायची, डोळ्यांतून धारा लागायच्या, मामा वाकून विचारायचे, "आली?"

"झोंबतंय."

की मामा रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर जाऊन बसायचे. ट्रॅक्टर कधीच विकला होता, पण त्यांचा उजवा पाय तिथे खाली काहीतरी दाबत राहायचा. आम्ही सगळ्यांनी हात टेकले होते. आत्या म्हणायची, "ह्यांना कोनी तरी आवरा." कोण आवरणार?

तर त्या रविवारी, मला हात तोडायची धमकी देऊन झाल्यावर, दिवस कलताना मामांनी कणीक फोडली. वाफ निघाली आणि आळीभर एकाच वेळी शिंका उठल्या. मटण पळीवरून आपसूक गळून पडत होतं, वर तांबडीलाल चरबी तरंगत होती. मामांचे हात मिरचीने सुजले होते. त्यांना भाकरी मोडता येईना, ती आत्याने मोडली. तिने घास तोंडात घातला. चावता चावता ती त्या हातांकडे बघत राहिली.

"आली?"

"आली," आत्या म्हणाली.

"काय आली?"

"चव आली. लसूण लागतोय."

"खरं म्हनतीस?" मामांची पळी पातेल्यात बुडाली. "आन मीठ? मीठ कसं झालंय?"

"मीठ अगदी बरोबर हाय."

कॅनॉलला पाणी सुटल्यासारखे मामा ओरडत अंगणाबाहेर गेले. "आली रं! हिची चव आली!" डोळे पुसत आळी गोळा झाली. शेवटी मामा परत आले, मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि कित्येक महिन्यांनी मांडी ठोकून जेवायला बसले.

मी पहिला घास घेतला. रश्श्यात मीठ नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. पाट्याशेजारी मिठाची वाटी पळसाच्या पानाखाली सकाळी ठेवली तशी भरलेली होती.

मी मान खालीच ठेवून डोळे तेवढे वर केले. मामांचा घास तोंडात होता आणि जबडा थांबला होता. ते वाटीकडे बघत होते, मग आत्याकडे. ती मिटक्या मारत जेवत होती. "वाढा की अजून," ती म्हणाली. मामांनी वाढलं. तिचं बघून स्वतःलाही वाढून घेतलं, भाकरीचा शेवटचा तुकडा रश्श्यातून फिरवून ताट चकचकीत केलं. मीठ कोणी मागितलं नाही.

हात धुवायला मी मागे गेलो तर मामा तिथे उकिडवे बसून झाकणाची वाळलेली कणीक नखाने खरवडत होते.

"मामा," मी हळूच म्हटलं, "मीठ राहिलं."

"पुढच्या रविवारी घालतो," मामा म्हणाले.