काळ्या पट्टीखालचा पत्ता

आर्डिस लुओमाच्या टपालपेटीवर नाव नव्हतं. सरोवराकाठच्या त्या रस्त्यावर बारा घरं. अकरा पेट्यांवर ठसठशीत आडनावं, एकीवर तर आडनावाशेजारी रंगवलेला मासाही. आर्डिसच्या पेटीवर नुसता आकडा, २१४. ती पेटी पाच वर्षं जवळजवळ रिकामीच असायची. विजेचं बिल, बँकेचे कागद, शाळेची पत्रं सगळं राज्याच्या राजधानीतल्या एका पोस्टपेटी क्रमांकावर जायचं आणि तिथून आठवड्याभरानं सरकारी पाकिटात तिच्याकडे यायचं. कुणापासून लपून राहावं लागणाऱ्यांसाठी मिनेसोटा राज्यानं केलेली ही सोय.

म्हणून मार्चमधल्या त्या मंगळवारी पेटीचं झाकण लागेना इतकी पत्रं दिसली, तेव्हा तिला वाटलं, पोस्टमनचं घर चुकलं. मग तिनं वरचं पाकीट पाहिलं. तिचं नाव, आणि त्याच्याच खाली २१४. हे दोन्ही एकत्र छापलेलं तिनं पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

चौदा पाकिटं होती. चौदा वेगवेगळ्या कंपन्या, कुणी न्यूयॉर्कची, कुणी टेक्सासची. प्रत्येकीला तिला दर महिन्याला मिळणारे हप्ते विकत घ्यायचे होते, तिनं आधी निवडलेल्या कंपनीपेक्षा जास्त भावानं. एकीनं खऱ्यासारखा दिसणारा चेक पाठवला होता. एकीनं लिहिलं होतं, 'सेल्माला तिचं हक्काचं घर मिळू दे.' सेल्मा तिची दहा वर्षांची मुलगी. आर्डिस तिथेच, बर्फाच्या ढिगाशेजारी उभी राहिली आणि तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. ही तिची सवय. गाडीसुद्धा ती नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची.

हप्त्यांची गोष्ट जुनी होती. नऊ वर्षांची असताना बटाटे काढायच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा उरला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीशी तडजोड झाली आणि ठरलं, की मुलगी अठरा वर्षांची झाली की अठ्ठेचाळीसपर्यंत दर महिन्याला अकराशे डॉलर. आर्डिस त्याला 'हाताचा पगार' म्हणायची. शाळेच्या स्वयंपाकघरात ती दोनशे पोरांचा स्वयंपाक करायची, अंगठ्यानं परात अशी दाबून धरायची की नवी बाई बघतच राहायची. "उजवा हात नोकरी करतो," ती म्हणायची, "डावा घरी बसून कमावतो."

लपण्याची गोष्ट तिनं हॅलोरन गावात कुणालाच सांगितली नव्हती. सात वर्षांपूर्वी तिनं लायलला, नवऱ्याला, सोडलं. कोर्टाचा मनाई हुकूम दोन वर्षांचा होता. तो संपल्याच्या तिसऱ्या आठवड्यात लायल तिच्या आधीच्या गावी किराणा दुकानाबाहेर तिच्या गाडीला टेकून उभा होता. तो ओरडला नाही, अंगाला हात लावला नाही. फक्त म्हणाला, "बूट नवे घेतलेस वाटतं." त्या रात्री तिनं सामान बांधलं.

आता शेजारच्या २१६ मध्ये राहणारे तिचे घरमालक, एलरॉय निएमी, वय एक्याऐंशी, यांना भाडेकरू, नळ आणि छत यांची दगदग झेपेनाशी झाली होती. डुलुथला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं दलालाला सांगून ठेवलं होतं, मे महिन्याच्या एक तारखेला विक्रीची पाटी लागणार. त्याआधी आर्डिसनं अडतीस हजार डॉलर आणले तर घर तिचं. पुन्हा घर बदलायचं म्हणजे पुन्हा नवी शाळा, पुन्हा सेल्माला समजावणं की मैत्रिणींना पत्ता द्यायचा नाही. फ्लोरिडातली एक कंपनी सहा वर्षांच्या हप्त्यांच्या बदल्यात एकरकमी एक्केचाळीस हजार द्यायला तयार झाली. अशा विक्रीला न्यायाधीशाची परवानगी लागते. विकणाऱ्याचं त्यात खरंच भलं आहे का, हे कोर्ट आधी बघतं. कंपनीनं फॉर्म पाठवला, त्यात एक अख्खं पान होतं, 'तुम्हाला पैसे का हवे आहेत ते तुमच्या शब्दांत लिहा.'

पत्त्याच्या रकान्यात तिनं राजधानीचा पेटी क्रमांक घातला. पण त्या पानावर ती मनापासून लिहीत गेली. सेल्माचं नाव, तिची शाळा, सरोवराकाठचं २१४ नंबरचं घर, पाच वर्षं तिथे लागलेली शांत झोप. न्यायाधीशाला पटलं पाहिजे ना. पान पोस्टात टाकल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं कंपनीच्या वकिलांना लगेच फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली, म्हणाली, काळजी करू नका, पत्ता आणि मुलीचं नाव आम्ही काळ्या पट्टीनं झाकतो.

आणि आता पेटीत चौदा पाकिटं होती. त्यांतल्या एका नंबरवर आर्डिसनं स्वतःचा नंबर लपवून फोन लावला आणि विचारलं, माझा पत्ता कुठे मिळाला? माणूस सरळ होता. म्हणाला, कोर्टाच्या फायलीत आहे की, बाई. सगळ्यांना दिसतो.

कोर्ट गावातच होतं, लाल विटांचं, शाळेपासून चार मिनिटांवर. तिथे कारकून मावीस टोरगर्सन, तीस वर्षं त्याच खिडकीत. चष्मा साखळीला, आणि टेबलावर थर्मास. आर्डिसनं अडखळत सांगितलं, तसं मावीसनं तिला भिंतीजवळच्या संगणकाशी नेलं, जिथे कुणीही येऊन कुठलीही फाईल वाचू शकतं. पान उघडलं. आर्डिसचंच लिखाण नीट टाईप केलेलं, आणि मध्ये मध्ये काळ्या पट्ट्या. आर्डिसच्या जिवात जीव आला. म्हणाली, झाकलंय की.

 मावीसनं माऊस पट्टीवरून ओढला, मजकूर उचलला आणि कोऱ्या पानावर टाकला. अक्षरं उमटली. २१४. मग सेल्मा. मग शाळेचं नाव.

"मी कागदावर पट्टी मारते तेव्हा त्याची झेरॉक्स काढते, आणि ती झेरॉक्स खिडकीशी धरून बघते," मावीस म्हणाली. "या पोरांनी कागदावर नुसती चादर टाकली. माणसाला चादर दिसते. त्या कंपन्यांची यंत्रं पान बघत नाहीत, खालची अक्षरं वाचतात."

"किती दिवस आहे हे असं?"

"एकोणीस." मावीसनं चष्मा काढला. "अगं, तू घाबरलीस ती या कंपन्यांना नाही, हो ना?"

आर्डिसनं मागे वळून दाराकडे पाहिलं. मावीसला तेवढं पुरलं. मग म्हणाली, मला कायद्याचा सल्ला द्यायला मनाई आहे, नोकरी जाईल. "पण मोठ्यानं वाचायला मनाई नाही. मी वाचते. तुला ऐकू आलं तर माझा काय दोष?"

आणि ती वाचू लागली. या अर्जाची नोटीस कुणाकुणाला जाणार याची यादी. हप्ते देणारी विमा कंपनी. बटाट्याच्या यंत्रवाल्यांचे वारस. आणि तिसरं नाव, अर्जदाराच्या मृत्यूनंतर उरलेले हप्ते ज्याला मिळतील तो: लायल, मुक्काम फार्गो.

आर्डिसला क्षणभर कळेना. मग आठवलं. बाविसाव्या वर्षी, लग्नानंतर महिन्याभरात, विमा कंपनीचा माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. तुम्हाला काही झालं तर कुणाला? तिनं हसत लायलचं नाव सांगितलं होतं आणि लायलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. घटस्फोटात गाडी वाटली, भांडी वाटली, कुत्रा वाटला. हा कागद कुणालाच आठवला नाही. आणि फ्लोरिडाचे वकील सावध. ज्याचं नाव कागदावर, त्याला नोटीस.

"कधी जाणार?"

"शुक्रवारी पोस्टात," मावीस म्हणाली. "अर्जाच्या प्रतीसकट." मग तिनं ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, फाईल बंद करण्याची विनंती, आणि स्वतः कॉफी ओतायला पाठ फिरवली.

बुधवारी दुपारी न्यायाधीश बाईंनी आर्डिसला आत बोलावलं. फॉर्म वाचून पाचव्या मिनिटाला फाईल बंद करायचा हुकूम दिला. नव्या प्रतीत नाव नाही, आद्याक्षरं येतील. पान कोरं करून पुन्हा टाईप होईल. पण ज्यांनी फाईल आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडून ती परत आणता येत नाही, हेही बाईंनी लपवलं नाही. आणि अर्ज चालवायचा तर लायलला नोटीस जाणारच, एवढंच की तिच्यात घर, मुलगी, शाळा काही नसेल.

आर्डिसनं विचारलं, नोटिशीवर वर काय असतं?

न्यायाधीश बाईंनी तिच्याकडे पाहिलं. वर कोर्टाचं नाव असतं. हॅलोरन काउंटी, म्हणजे जिल्ह्याचं नावच. अर्जदार जिथे राहतो त्याच काउंटीत हा अर्ज करावा लागतो, कायदाच तसा. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कोर्टाच्या नावावर पट्टी मारायचा अधिकार मला नाही."

चार हजार वस्तीची काउंटी. एक शाळा, एक पेट्रोल पंप. आणि हॅलोरनची माणसं मदतीला तत्पर. कुणी परक्यानं पंपावर विचारलं असतं, की डाव्या हाताला अंगठाच असलेली बाई कुठे राहते, तर त्यांनी गाडीबाहेर येऊन बोट दाखवून रस्ता सांगितला असता, वर कॉफी पाजली असती. तिला इतकी वर्षं लोकांच्या दुष्टपणाची भीती वाटलीच नव्हती. भीती होती त्यांच्या चांगुलपणाची.

गुरुवारी सकाळी तिनं अर्ज मागे घेतला. आधी विमा कंपनीला लिहून लायलचं नाव काढायचं, सेल्माचं घालायचं. मग नवा अर्ज, ज्यात लायल नसेल. विमा कंपनीनं सांगितलं, नाव बदलायला सहा आठवडे. पुढे सुनावणीला आणखी तीन. एक मे कधीच निघून गेलेला असणार.

निएमींना थांबवायला हवं होतं. आणि थांबवायचं तर का, ते सांगायला हवं होतं. ती त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आली. तिसऱ्यांदा त्यांनीच दार उघडलं.

म्हाताऱ्यानं कॉफी ओतली, दातांत साखरेचा खडा धरला आणि वाट बघत बसला. पाच वर्षांत दोघांचं बोलणं नळ, बर्फ आणि मासे यापलीकडे गेलं नव्हतं. ती म्हणाली, पैसे यायला नऊ आठवडे लागतील, कागदांची अडचण आहे.

"कागद सगळ्यांचेच अडतात. नऊ आठवडे?"

मग तिनं सांगितलं. थोडं सांगायचं ठरवलं होतं, पण सुरुवात केल्यावर किराणा दुकानाबाहेरचे ते बूटही आले. सांगताना तिचा अंगठा कपाच्या कडेवर फिरत होता. बोलून झाल्यावर तिला वाटलं, फाईल एकदा उघडली होती, आज आपण दुसऱ्यांदा उघडली. निएमींनी खडा चघळून संपवला.

"गाडी कोणती चालवतो?"

"निळी होती. पिकअप. आता ठाऊक नाही."

"उंच आहे?"

"तुमच्याएवढा."

"म्हणजे फार नाही." ते उठले आणि खिडकीचा पडदा बोटभर बाजूला सारून रस्ता किती दिसतो ते त्यांनी बघितलं. मग खुर्ची उचलून तिथे ठेवली. "माझ्या मुलीला मी सांगतो. बर्फ वितळेपर्यंत घर दाखवायला बरं दिसत नाही. बर्फ वितळला की सांगेन, डास फार आहेत."

"हे कुणाला बोलू नका, मिस्टर निएमी."

"पोरी, मी चाळीस वर्षांत बायकोलासुद्धा फारसं काही सांगितलं नाही."

तो शुक्रवार आला आणि गेला. मावीसनं स्वतः फोन करून एवढंच सांगितलं, की फ्लोरिडाच्या वकिलांकडून आज पोस्टात काहीही पडलेलं नाही. आर्डिसनं आभार मानले आणि तरी रात्री दोनदा उठून दाराची कडी बघितली.

विमा कंपनीचं पत्र मे महिन्याच्या मध्यावर आलं, राजधानीवरून फिरून. लायलचं नाव गेलं होतं. त्याच संध्याकाळी ती नवा अर्ज भरायला बसली. 'पैसे का हवे आहेत' हे पान तसंच अख्खं होतं, ओळीच्या ओळी कोऱ्या. तिनं बराच वेळ पेन हातात धरलं. मग लिहिलं, 'घर घ्यायचं आहे.' पूर्णविराम दिला आणि खाली दोन आद्याक्षरं. न्यायाधीश बाईंना एवढं पुरेल का, हे जूनमध्ये कळेल.

कंपन्यांची पत्रं अजून येतात. सुरुवातीला दिवसाला पाच-सहा, आता दोन-तीन. ती शनिवारपर्यंत साठवते आणि सौनाची, वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवायला वापरते. चांगली पेटतात. पण चुलीत घालण्याआधी प्रत्येक पाकीट उजेडाला धरून पत्ता बघते, छापलेला आहे की हातानं लिहिलेला. सेल्मा विचारते, आई, तू काय शोधतेस? आर्डिस म्हणते, तिकिटं. शेजारच्या खिडकीत पडदा बोटभर बाजूला असतो. आजपर्यंत सगळी पाकिटं छापील निघाली आहेत.