बाभळीच्या काट्यावरची लोकर

आमच्या भागात अजूनही सांगतात की, त्या वेळच्या अमीनसाहेबांनी नुसत्या लोकरीच्या झुपक्यावरून चोर ओळखला. अमीन म्हणजे निजामाच्या राज्यातला फौजदार. सांगणारे साफ चुकीचं सांगतात. चोर मी ओळखला. अमीनसाहेब तेव्हा भलत्याच माणसाचे हात बांधून बसले होते. हे मी आजवर शंभरदा बोललो असेन. पण बोललेलं लोक सोयीनं विसरतात, म्हणून आता लिहून ठेवतो.

मी घोंगड्यांचा व्यापारी. वडील लवकर गेले. घरात विकायला काही नव्हतं, तेव्हा दुसऱ्याच्या चार घोंगड्या खांद्यावर टाकून मी सेनगाव, बाळापूर असे बाजार पायी केले. जवळा बाजारला आठवडी बाजारात स्वतःच्या पालाखाली बसू लागलो, तेव्हा पंचविशीत होतो. कोणी हात धरून बसवलं नाही. अक्षरं शिकलो तीही गिऱ्हाइकांकडून. भाव करताना माझा आवाज चढतो, हे कबूल. पण माल हातात घेतल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

घोंगडी पारखायच्या माझ्या दोन रीती होत्या. विणण्याआधी लोकरीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यानं सूत ताठ होतं. म्हणून नवी घोंगडी कडक असते. एक पावसाळा अंगावर काढला की खळ धुऊन जाते. लबाड माणूस जुनी घोंगडी झटकून नवी म्हणून विकायला बसतो. मी तिचा एक केस उपटायचो, जिभेवर ओला करायचो आणि दोन बोटांत चोळायचो. बोटं चिकटली तर नवी. दुसरी पारख जावळाची. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. त्या केसाला आधी कधी कात्री लागलेली नसते, म्हणून त्याचं टोक सुईसारखं निमुळतं असतं. पुढच्या कातरणीपासून दोन्ही टोकं बोथट. जावळाची घोंगडी मऊ आणि महाग. मेंढरं राखणारा ती विकतो, स्वतः पांघरत नाही.

रझाकारांच्या धामधुमीआधी चार-पाच वर्षं झालेली ही गोष्ट. पौष महिना होता. जवळच्या एका गावातला मोठा जमीनदार, ज्याला सगळे मालक म्हणत, घरच्या सगळ्यांना घेऊन शेतावर हुरड्याला गेला होता. दुपारी घर मोकळं, दाराला कुलूप. मागच्या अंगणाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. त्यातून कोणी तरी आत शिरलं आणि चांदीचे तोडे, पुतळ्यांची माळ घेऊन गेलं. काट्याला काळ्या लोकरीचा झुपका अडकलेला सापडला. त्या दिवसांत शेजारच्या रानात एका धनगराची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. झालं! काळी लोकर, काळी घोंगडी, धनगर. अमीनसाहेबांनी त्याला पकडला आणि बाजाराच्या दिवशी जवळ्याच्या चावडीत आणून बसवला.

त्याची बायको माझ्या पालापाशी आली. तिच्या नवऱ्याकडून मी लोकर घेत असे, आणि मागच्याच बाजारात भावावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

"भाऊ, त्येंना धरून नेलं."

"काहून?"

"मालकाच्या काटीला काळी लोकर गावली म्हनं. उद्या परभणीच्या जेलात धाडतेत."

"मग मी काय वकील हाय? तुझा नवरा गेल्या बाजारी मला दगाबाज म्हणला."

"म्हणला आसंल. आज काय बी बोलून न्हाई राहिला. दोनशे मेंढरं हायेत, भाऊ. मी एकली कुठवर हाकू? त्यो गेला की कळप गेला."

मी घोंगड्यांच्या घड्या घालत राहिलो. तेवढ्यात चावडीकडून पोलीस जवान तंबाखूला आला आणि हसत म्हणाला, "साब बोले, काली ऊन सब एक. उसमें क्या देखना?"

खरं सांगतो, बाईच्या रडण्यानं मी उठलो नसतो. या वाक्यानं उठलो. काळी लोकर सगळी एक? मग मी वीस वर्षं काय माती पारखली?

चावडीत जाजमावर मालक लोडाला टेकून बसला होता. शेजारी अमीनसाहेब. कोपऱ्यात धनगर, हात सुंभानं बांधलेले. मला पाहून साहेबांचा जमादार ओरडला, "काय रे घोंगडीवाल्या, आता सरकारला बी कंबळ विकतो का?"

"सरकारला पारख असती तर विकलं असतं," मी म्हणालो.

जमादार उठला, पण अमीनसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं. एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगतो. झुपका त्यांनी कागदाच्या पुडीत नीट बांधून ठेवला होता. तेवढी अक्कल होती म्हणूनच पुढचं घडलं.

"क्या कहना है?"

"साहेब, त्यातले दोन केस द्या. आन् या माणसाच्या घोंगडीचे दोन."

पुडीतला केस मी जिभेवर लावून चोळला. बोटं चिकटली. मग धनगराच्या घोंगडीचा चोळला. काही नाही, नुसता मेंढीचा वास. अमीनसाहेबांना म्हणालो, तुम्हीच करून पाहा. जिभेला लावायला त्यांना कसंसंच वाटलं. जवानानं तांब्यातून पाणी दिलं. त्यांनी एकदा चोळलं, दोनदा चोळलं, मग बोटांची उघडझाप करून पाहत बसले.

"चिपकता है," ते म्हणाले.

"चिंचोक्याची खळ हाय, साहेब. घोंगडी नवी हाय, पावसात गेलेली न्हाई. याची तर तीन पावसाळे खाऊन चाळण झाली. तिला भोकं किती अन् लोकर किती, तेच कळंना."

कोपऱ्यातून धनगर पुटपुटला, "यवढी बी फाटकी न्हाई."

"तू गप बस! तुला सोडवून राहिलो ना?"

मग केस मी दाराच्या उजेडाला धरला आणि निमुळतं टोक दाखवलं. जावळ म्हणजे काय ते सांगितलं. धनगराच्या घोंगडीचा केस शेजारी धरला, दोन्हीकडून बोथट. अमीनसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"तो फिर किसका है?"

इथं शहाण्या माणसानं तोंड मिटलं असतं. जवळ्याच्या बाजारात तेव्हा जावळाची घोंगडी मीच ठेवत असे, आणि त्या हंगामात तीनच विकल्या होत्या. दोन बाळापूरच्या दुकानात गेल्या. तिसरी पंधरा दिवसांपूर्वी एका माणसानं दोन तास घासाघीस करून नेली होती, आणि तो माणूस माझ्या चांगलाच लक्षात होता. मालकाचा सख्खा भाचा.

मी तसं सांगितलं.

मालक लोड ढकलून उठला. "तोंड सांभाळ! माझ्या घरच्या माणसावर आळ घेतोस? चिंध्या विकणारा तू!"

"चिंध्या तुमच्याच भाच्यानं नेल्या, मालक. मागवा घोंगडी. काट्यानं फाटलेली नसली तर मी इथंच हात बांधून घेतो."

माझा आवाज तेव्हा किती चढला असेल, कल्पना करा. बाहेर बाजार थांबला होता. मनात मात्र धाकधूक होती. भाच्यानं घोंगडी कुणाला दिली असती, जाळली असती, तर धनगराच्या शेजारी मीही बसलो असतो.

जवान घोड्यावर गेला आणि दीड तासानं घोंगडी घेऊन आला. मागून भाचाही, मान खाली. घोंगडीची एक बाजू ओरबाडली होती आणि विणीत बाभळीचा मोडका काटा तसाच रुतून होता. अमीनसाहेबांनी पुडीतला झुपका त्या जागी लावून पाहिला, तो जुळला. हुरड्यातून मधेच उठून घरी आलो होतो, असं म्हणत भाचा मामाच्या पायाशी बसून रडायला लागला. तोडे आणि माळ त्याच्याच खोलीत धान्याच्या कणगीत निघाली.

मग मालकाचा आवाज एकदम मऊ झाला. घरातलं घरात राहू द्या, म्हणाला. फिर्याद मागं घेतली. अमीनसाहेबांनी कागद केला: तपासात लोकर बारकाईनं पाहिली, संशयित निर्दोष आढळला. पाहिली कुणी? कागदावर तरी त्यांनी स्वतः.

"साहेब, माझं नाव बराबर लिहा."

"पंचनाम्यात इज्जतदार लोकांची नावं लागतात," जमादार म्हणाला.

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या कागदावर आजही माझं नाव नाही. मालकानं त्याच्या गावात माझी घोंगडी घ्यायची नाही असं फर्मान काढलं, ते वर्षानुवर्षं चाललं. अमीनसाहेबांची मात्र वाहवा झाली. चोर कोण निघाला, ते कोणी मोठ्यानं बोललं नाही. साहेबांनी बोटानं कसं ओळखलं, तेवढंच बोलत राहिले. पोलीस तपासाच्या गोष्टी लोक हल्ली मोठ्या कौतुकानं वाचतात, सूक्ष्मदर्शक आणि काय काय. मी जीभ आणि दोन बोटं वापरली होती, आणि अजून कुणी ती पारख खोटी ठरवलेली नाही.

धनगराचे हात सोडले तेव्हा मनगटावर सुंभाचे वळ होते. तो माझ्या पाया पडायला वाकला, मी मागं सरलो. "आधी मेंढरं बघ," म्हणालो. तो बायकोबरोबर जवळजवळ पळतच गेला.

पुढच्या बाजारी तो लोकरीचं ओझं घेऊन माझ्या पालात हजर. भाव सांगितला तो नेहमीपेक्षा चढा.

"काहून रे एवढा?"

"माझी लोकर आता चावडीत तपासलेली हाय. सरकारी शिक्क्याची," तो म्हणाला. "आन् माझ्या घोंगडीला चाळण म्हणलात त्याचं येगळं."

आमचं दुपारपर्यंत चाललं. मी त्याला दगाबाज म्हणालो, त्यानं मला त्याहून वाईट म्हटलं. एक पैसा मी वाढवून दिला नाही. पण तो कळप घेऊन हिंडणारा माणूस; सेनगावपासून बाळापूरपर्यंत ज्या ज्या रानात त्याची मेंढरं बसली, तिथं त्यानं गोष्ट जशी घडली तशी सांगितली, माझ्या शिव्यांसकट. त्या वर्षापासून त्या वाटेवरचे धनगर जावळाची लोकर आधी माझ्या पालात आणू लागले आणि मी नको म्हटलं तरच दुसऱ्याकडं नेऊ लागले.