कार्डानं खाल्लेला ‘स’

माझ्या बायकोच्या मामांएवढा अस्वस्थ माणूस हैदराबादेत मुसी नदीच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडायचा नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या मामांचे कान भिंतीला असतात. घरी आले की चपला काढायच्या आधी विचारणार, "फ्रिज कधीपासून घुमतोय?" मग फ्रिज, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर असं करत घरभर हिंडणार, तोवर चहावर साय. विजेच्या खात्यात उभी हयात गेल्यामुळे प्रत्येक घुमण्यामागे कुठंतरी अर्थिंग ढिलं आहे अशी त्यांची पक्की समजूत. नामपल्लीच्या एका लग्नात मंगलाष्टकांमागे लाउडस्पीकर घुमत होता. मामांना राहवेना. त्यांनी जाऊन एक वायर उपटली. स्पीकर मुका झाला, आणि मंगलाष्टकं संपली असं समजून मंडळींनी उरल्यासुरल्या अक्षता एकदम उधळल्या. भटजी डोक्यावरचे तांदूळ झाडत राहिले आणि मामा मला म्हणाले, घुमणं तर गेलं की नाही?

काचीगुड्याच्या त्यांच्या घरात एक कॉम्प्युटर आहे. त्याच्या डब्याला झाकण लावलेलं मी आजवर पाहिलेलं नाही, कारण आतल्या साउंड कार्डात मामांचा जीव अडकलेला असतो. हे कार्ड करतं तरी काय, ते त्यांनी मला सुलतान बाजारात, मामी साड्या बघत असताना, भर दुकानात उभ्या उभ्या समजावलं. त्यांच्या मते ते कार्ड म्हणजे शिंपी. आवाज म्हणजे हवेतली लाट. शिंपी सेकंदाला हजारो वेळा तिची उंची मोजतो आणि नुसते आकडे लिहून ठेवतो. पलीकडच्या कार्डातला शिंपी त्या मापांवरून तोच आवाज पुन्हा शिवतो आणि स्पीकरला घालतो. म्हणजे अमेरिकेतून आवाज येतच नाही हो, मापं येतात! हे सांगताना त्यांनी दुकानदाराचा गज असा काही फिरवला की बिचाऱ्याने गिऱ्हाईक तसंच टाकून तो आधी काढून घेतला.

अमेरिकेतून मापं यायची ती नातीची. रविवारी सकाळी इथं नाश्त्याची वेळ, तिथं तिची झोपायची. तिला आजोबांची गोष्ट हवी आणि आजोबांना तिचा हुंकार. गोष्टीत प्रत्येक वाक्याला तिनं "हौ" म्हणायचं, हा नियम. आम्ही पुण्याची माणसं "हो" म्हणतो. हैदराबादेत मराठी माणूससुद्धा "हौ" म्हणतो, पोटातून. लेक तिकडून दटावायची, बाळा, "हो" म्हण. मामा इकडून सांगायचे, नक्को, "हौ"च म्हण. त्या एका तासासाठी मामा फ्रिज बंद करत, शेजारच्यांची मिक्सरवरची चटणी थांबवून येत. दर रविवारी दूध नासायचं. मामींनी कलाकंद करून करून घरातल्या सगळ्यांची साखर वाढवली.

आणि मग कार्ड चोऱ्या करू लागलं. नात म्हणायची, "आजोबा, गोष्ट सांग." मामांना ऐकू यायचं, "गोट्ट आंग." ते चिडले. शिंपी कापड खातोच, म्हणाले, हा ‘स’ खातोय. बाजारातून दुसरं कार्ड आलं, मग तिसरं आलं. डब्यातल्या विजेची घरघर लागू नये म्हणून चौथं डब्याबाहेर टेबलावर बसवलं. मी जवळ गेलो की, "जावईबापू, हल्लू, वायर हलतीय." आवाज आपोआप साफ करण्याची कॉम्प्युटरमधली सोयही त्यांनी बंद केली, तीही चोरच. ‘स’ काही परत येईना. पोरगी "परत ऐक ना" म्हणून कंटाळायची, आणि हल्ली तर गोष्ट अर्ध्यावर सोडून उठायला लागली होती. मामा सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं की कार्डात काही बिघाड नाही, कानात आहे: फ्रिजचं जाडं घुमणं त्यात शिरतं, ‘स’सारखं बारीक काही शिरत नाही. मामी हिला म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याला सांगायला लाव, तो कॉम्प्युटरवाला आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला शेवटी जावईच. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत टाळत राहिलो.

मग एका रविवारी मामांनी मलाच बोलावलं. नातीचा आवाज त्यांनी साठवून ठेवला होता. पडद्यावर त्याची रेघ होती, वरखाली जाणारी. "सांग" या शब्दाच्या तोंडाशी बारीक, दाट खरखर उमटलेली होती. त्यावर बोट ठेवून त्यांनी तो शब्द लावला. पुन्हा लावला.

"इथं काहीतरी आहे," ते म्हणाले. "मला दिसतंय. तुम्हाला ऐकू येतंय?"

किती महिने जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, "हो."

मामा खुर्चीत बसले. असे टेकून बसलेले मी त्यांना प्रथमच पाहत होतो, आणि मला ते मुळीच बघवेना. म्हणाले, "म्हणजे शिंपी प्रामाणिक आहे. कापड मीच खाल्लं."

कानातलं यंत्र नको म्हणून ते हटून बसले. शेवटी मामीच म्हणाल्या, अहो, त्यातसुद्धा तुमचा तो शिंपीच बसलेला असतो ना? दुसऱ्या दिवशी मामा डॉक्टरकडे, आणि परत आले ते त्यांनाच चार गोष्टी शिकवून. यंत्र लागलं. कुकरची शिट्टी, मामींच्या बांगड्या, सगळं नव्यानं ऐकून काही दिवस ते वैतागले. ‘स’ही थोडाफार परत आला. सगळा नाही येणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. "हौ" मात्र कधीच हरवला नव्हता. तो शब्द भरदार, कुठल्याही म्हाताऱ्या कानात शिरणारा. आता लेकही तिकडून दटावत नाही.

परवाच्या रविवारी मी तिथं होतो. गोष्ट चालली होती, हौ, हौ. मग एका वाक्याला हौ आला नाही. पुढच्यालाही नाही. मी म्हणालो, लाइन गेली वाटतं. मामांनी मला हातानं गप्प केलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. रेघ जवळजवळ सपाट होती, पण मधूनमधून अगदी बारीक फुगायची आणि बसायची.

"श्वास आहे तो तिचा," मामा हळूच म्हणाले. "हा मला नाही ऐकू येत. तुम्हाला येतो?"

मी कान दिला. येत होता.

"हौ," मी म्हणालो.

मामींनी फ्रिज लावायला हात पुढे केला, तर मामांनी मान हलवली. दूध नासलं तर नासू दे, म्हणाले, आणि त्या रेघेकडे बघत बसून राहिले.