ठोंबरे सरांची उलटी नदी

डॉ. उद्धवराव ठोंबरे सरांची आणि माझी ओळख दगड खाण्यावरून झाली. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात संशोधनासाठी नाव नोंदवायला मी केजहून गेले होते. हातात फाईल होती. सरांनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. करड्या दगडाचा एक कपचा पुढे करून म्हणाले, "चाव." मला वाटलं, थट्टा चाललीय. तर स्वतः सरच एक तुकडा दाढेखाली धरून बसलेले!

"करकरतंय का? मग ह्यात बारीक रेती हाय. लोण्यावानी लागलं असतं तर निव्वळ चिखल. कुठली गं तू?"

"केजची."

"अगं, मी दिंद्रुडचा! आपल्याकडं असला दगड औषधालाही न्हाई."

खरंच नाही. आपला बीड जिल्हा म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ. तेल आणि वायू साठतात ते बहुधा गाळाच्या खडकांत. काळ्या रानात वाढलेल्या या माणसाने उभं आयुष्य वाळूच्या दगडांपायी घालवलं, याचं मला अजून नवल वाटतं. जमिनीखाली तेलाचं तळं असतं असं पुष्कळांना वाटतं. सर सांगत, "तळं-बिळं काही न्हाई. वीट पाणी पिते ना, तसा दगड तेल पिऊन बसलेला असतो. कोणता दगड किती पितो, एवढंच आमी बघायचं." एवढं बघण्यासाठी त्यांनी वाळवंटं तुडवली, आणि त्यांचे विद्यार्थी आज देशभरच्या तेलक्षेत्रांत काम करताहेत.

सरांच्या स्वभावातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे 'कळत नाही' म्हणताना त्यांची जीभ अडखळत नाही. एकदा मी दिंद्रुडला त्यांच्या घरी गेले होते. पारावरच्या मंडळींनी सरांना घेरलं. "साहेब, तुमी तेल शोधता, आमाला बोअरची जागा दावा की!" सर म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई." एक आजोबा भडकलेच, "मग एवढं शिकलास कावून?" सर मोठ्याने हसले. पुढच्या खेपेला मात्र भूजलातल्या एका जाणकार मित्राला घेऊन आले आणि दिवसभर उन्हात त्याच्यासाठी मोजणीची टेप धरून उभे राहिले.

सर रागीट आहेत हे लिहू नये, असं या गौरव अंकाच्या संपादकांनी मला सुचवलं होतं. पण तो राग गाळला तर सर अर्धेच उरतील, म्हणून सांगतेच.

माझा प्रबंध एका जुन्या तेलविहिरीतून काढलेल्या दगडाच्या दांड्यांवर होता. त्यांना आम्ही कोअर म्हणतो. खोलीच्या क्रमाने त्या लांब पेट्यांत लावून ठेवतात. त्याच कोअरवरून सरांनी पूर्वी नकाशा केला होता. त्या नकाशाने त्यांचं नाव झालं, आणि आता त्याच्याच भरवशावर तेल कंपनी नवी विहीर खोदणार होती.

नदीच्या पात्रात जाड वाळू खाली बसते, वर बारीक होत जाते. नदी समुद्राला मिळते तिथे नेमकं उलट. सरांचा नकाशा नदीच्या मुखाचा होता. आणि मुख्य पेटी बघता बघता मी गारच पडले. वाळू ओल्या चिखलात रुतली की तिचे फुगवटे खाली लोंबतात. या पेटीत ते वर आलेले! म्हणजे दगडच पेटीत उलटे लावलेले. ते सरळ केले की मुख नाहीसं होत होतं, उरत होतं पात्र. वाळूचा जाड थर दुसरीकडेच असणार होता आणि विहीर भलत्याच जागी जाणार होती.

सोबतचे म्हणाले, "डिग्री पाहिजे ना? मग तोंड बंद ठेव." दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी धीर करून सांगितलं. सरांचा चेहरा लाल झाला. "माझा कोअर तू मला शिकवणार? जा, बाहेर हो!"

मी वसतिगृहात जाऊन ढसाढसा रडले. केजला परतायचं म्हणून बॅगही भरली.

सकाळी निरोप आला, कोअरच्या शेडमध्ये ये. सर फरशीवर मांडी घालून बसले होते. पेटी रिकामी, दगड भोवती मांडलेले, एका हातात भिंग, दुसऱ्यात ओला स्पंज. वर न बघताच म्हणाले, "इतकी वर्षं नदी उलटी वाहवली गं मी." मी म्हटलं, पेट्या हलवताना कुणा गड्याकडून झालं असेल. सर ताडकन म्हणाले, "पेटी मीच लावली होती. दुसऱ्यावर ढकलू नको."

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या बैठकीत सर उभे राहिले आणि सरळ बोलले, "माझा नकाशा चुकलाय. या मुलीनं चूक काढली. जागा बदला." मागे कुणीतरी हसलं. सर खाली बसले. मला तेव्हा सरांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. विहीर नव्या जागी गेली आणि तिथे वाळूचा जाड थर लागला, वायूसकट.

प्रबंध लिहिताना मी भीतभीत वाक्य घातलं होतं, 'पूर्वीच्या काही अभ्यासांत किरकोळ त्रुटी आढळतात.' सरांनी ते लाल शाईने खोडलं आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'ठोंबरे चुकले.' प्रबंध तसाच छापला गेला.

सर, आज तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. गुडघे सांभाळा, बीपीची गोळी चुकवू नका, आणि शंभरी पार करा. तुमचे आणखी पुष्कळ नकाशे तपासायचे राहिलेत, आणि चूक सापडली तर तुमच्यासमोर येऊन सांगायला आता आम्हाला कुणालाच भीती वाटत नाही.